बरणीतली गांडुळे आणि ओलाव्याचा हिशेब

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी काचेच्या बरणीत ओली माती भरून सात गांडुळे ठेवली. बरणीच्या तोंडाला जाळीचे कापड बांधले होते. उजेड मिळावा म्हणून तिने बरणी खिडकीत ठेवली, आणि दुपारी पाहिले तर पाच गांडुळे वर येऊन वाळून गेली होती. दुसऱ्या खेपेला तीच चूक नको म्हणून मी मातीवर दोन बोटे पाणी उभे राहील इतके पाणी घातले. सकाळी काही गांडुळे काचेवर चढून बसलेली होती आणि तळाची मेलेली होती. मुलगी रडत म्हणाली, ‘पाणी कमी दिले तरी मरतात, जास्त दिले तरी मरतात, मग यांना हवे तरी काय?’ मला उत्तर देता आले नाही. काही सजीवांना ओलावा इतका कशासाठी लागतो? आणि आता पुन्हा गांडुळे ठेवू द्यावीत की नाही?
— एक आई

उत्तर : आपल्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की गांडुळाला हवा हवी असते, मात्र ती हवा त्याला ओल्या कातडीतूनच घेता येते. हे एक वाक्य नीट उलगडले, की आपल्या घरी झालेल्या दोन्ही अपघातांचे कारण कळते आणि दोन्ही वेळा गांडुळे जवळपास एकाच कारणाने मेली हेही लक्षात येते.

गांडुळाला फुफ्फुसे नसतात आणि कल्लेही नसतात. त्याची सगळी कातडी हेच त्याचे श्वसनेंद्रिय असते. कातडीतील ग्रंथींमधून आणि शरीराच्या पोकळीतून पाझरणाऱ्या द्रवामुळे अंगावर चिकट ओलाव्याचा एक पातळ थर सतत राहतो. हवेतील ऑक्सिजन आधी या थरात विरघळतो, तेथून कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो, आणि रक्तात विरघळलेले लाल द्रव्य, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातील एक प्रथिन, तो सर्व शरीरभर पोहोचवते. कार्बन डायऑक्साइड याच वाटेने उलट दिशेने बाहेर पडतो. मुलीला हे दाखवायचे असेल तर ओल्या बोटावर गांडूळ घेऊन भिंगातून पाहा. त्याच्या पाठीवरून लाल रेघेसारखी जाणारी मोठी रक्तवाहिनी दिसते आणि थोडा वेळ निरखले, तर ती मागून पुढे लाटेसारखी आकुंचन पावतानाही दिसते. कातडी किती पातळ आणि पारदर्शक आहे, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

आता प्रश्न उरतो तो असा, की कातडी ओलीच का हवी? कोरड्या कातडीतून ऑक्सिजन आत का जाऊ नये? याचे कारण असे, की जिवंत पेशी नेहमी द्रवाने वेढलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या कोणत्याही वायूला त्या द्रवात विरघळूनच जावे लागते. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर कोरडा असतो खरा, पण तो मेलेल्या पेशींचा असतो. आपले श्वसन जेथे चालते, तो फुफ्फुसांचा आतला पृष्ठभाग मात्र गांडुळाच्या कातडीइतकाच ओला असतो. प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांतील सूक्ष्म पिशव्यांचा पृष्ठभाग पसरला तर तो साधारण 70 चौरस मीटर भरेल, आणि तो सगळा छातीच्या पिंजऱ्यात, नाकाच्या अरुंद वाटेमागे, जपून ठेवलेला असतो. इतके करूनही आपण श्वासावाटे दिवसाला 300 ते 400 मिलिलिटर पाणी गमावतो. थंड आरशावर श्वास सोडला की त्यातले थोडे धुके होऊन दिसते. याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या डोळ्यांतच आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. डोळे उघडे असताना तो आपला बहुतेक ऑक्सिजन अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेल्या हवेतून घेतो. म्हणजे आपल्या शरीराचा निदान एक भाग तरी गांडुळासारखाच श्वास घेतो, आणि डोळे कोरडे पडले की तो तक्रारही करतो.

गांडुळाची अडचण एवढीच, की त्याने ही ओली जागा आत न ठेवता अंगभर उघडी ठेवली आहे. ऑक्सिजनचा रेणू आत येऊ देईल पण पाण्याचा रेणू बाहेर जाऊ देणार नाही, अशी कातडी कोणत्याही प्राण्याकडे नाही; पाण्याचा रेणू ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा लहानच असतो. कीटकांनी अंगावर मेणचट थर चढवला, सरपटणाऱ्या प्राण्यांनी खवल्यांचे कवच घेतले; त्यामुळे पाणी वाचले, पण कातडीतून पुरेसा श्वास घेणे संपले आणि श्वसनासाठी आत वेगळ्या नळ्या किंवा फुफ्फुसे वापरावी लागली. गांडुळाने दार उघडे ठेवले आणि त्या बदल्यात कायम ओलसर जागेत राहण्याचे बंधन पत्करले. शिवाय त्याचे शरीर बारीक आणि लांबट असल्यामुळे आतील पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग फार मोठा पडतो. 10 सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याला दर घन सेंटिमीटरमागे 0.6 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो, तर 1 सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याला 6. लहान जीव लवकर वाळतो तो या साध्या गणितामुळे.

हे लक्षात घेतले की खिडकीतील दुपार समजते. 20 अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावते आणि 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम. म्हणजे सकाळी बाष्पाने पूर्ण भरलेली हवा केवळ दहा अंशांनी तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्याही खाली येते आणि ती समोर येईल त्या ओल्या वस्तूतून पाणी ओढू लागते. आपल्या बरणीची काच तापली, जाळीतून बाष्प निघून गेले, आणि बाजूंनी माती तापल्यामुळे गांडुळांना पळायला वर येण्याखेरीज वाट राहिली नाही. तेथे ऊन थेट अंगावर पडले. खरे तर गांडूळ शरीरातील पाण्याचा बराच मोठा हिस्सा गमावूनही काही काळ तग धरू शकते; पण अंगावरचा ओला थर वाळला की ऑक्सिजन विरघळायला जागा राहत नाही. त्यातच उष्णतेने त्याची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. आपल्याला ती वाळलेली दिसली, पण पूर्ण वाळण्याच्या आधीच ती बहुधा गुदमरली होती. आणखी एक गोष्ट अशी, की गांडुळाला हाडे नसतात. अंगातील द्रव दाबून धरणारे स्नायू हाच त्याच्या हालचालीचा आधार असतो. द्रव कमी झाला, की अर्धवट हवा गेलेल्या फुग्यासारखे ते ढिले पडते आणि ओली जागा चार बोटांवर असली तरी तिच्यापर्यंत सरकू शकत नाही.

दुसऱ्या वेळी आपण पाणी भरपूर दिले आणि तेथेही श्वासच अडला. एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. 20 अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेने पूर्ण संपृक्त असले तरी, जेमतेम 6 ते 7 मिलिलिटर. त्यातही पाण्यात ऑक्सिजनचे विसरण, म्हणजे आपोआप पसरत जाणे, हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट संथ असते, त्यामुळे तळाशी संपलेला ऑक्सिजन वरून लवकर भरून येत नाही. मातीतील कुजणारा पाला आणि त्यावर जगणारे जीवाणू ऑक्सिजनचा होता तो साठाही रातोरात संपवतात. काचेवर चढलेली गांडुळे पाण्याला कंटाळून नव्हे, हवेच्या शोधात वर आली होती. पाणी हे त्यांच्यासाठी विष नाही, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण सतत हवा मिसळत ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात गांडुळे कित्येक आठवडे जिवंत राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. मुसळधार पावसानंतर ती जमिनीवर का येतात, याची शास्त्रज्ञ एकाहून अधिक कारणे देतात. बिळातील ऑक्सिजन कमी होणे हे त्यातील एक, आणि ओल्या जमिनीवरून न वाळता दूरवर जाण्याची संधी हे दुसरे. ‘बिळात पाणी शिरले म्हणून बुडाली’ एवढेच सरसकट उत्तर मुलीला देऊ नका.

आपण इतर सजीवांबद्दलही विचारले आहे. बेडकाला फुफ्फुसे असतात, तरी त्याची कातडी ओलीच राहावी लागते. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1904 मध्ये दाखवून दिले, की बेडूक ऑक्सिजन मुख्यतः फुफ्फुसांतून घेत असला तरी कार्बन डायऑक्साइड मुख्यतः कातडीतून बाहेर टाकतो. बेडूक तोंडाने पाणीही पीत नाही. ओल्या जमिनीवर पोट टेकवून बसतो आणि पोटाखालच्या पातळ कातडीने पाणी शोषून घेतो. सॅलॅमँडर या बेडकाच्या शेपटीवाल्या नातलगांच्या एका मोठ्या कुळात तर फुफ्फुसे मुळीच नाहीत. शेकडो जाती केवळ कातडी आणि तोंडाच्या आतील अस्तर यांवर श्वास भागवतात.

मात्र ओलावा लागतो तो प्रत्येक वेळी श्वासासाठीच, असे समजू नये. दगडावर किंवा जुन्या भिंतीवर गादीसारखे हिरवे मॉस उगवते, त्याचे कारण निराळे आहे आणि मला विचाराल तर अधिक मनोरंजक आहे. मॉसला खरी मुळे नसतात, पाणी वर चढवणाऱ्या पक्क्या नळ्याही नसतात. पाने बहुधा पेशींच्या एकाच थराची असतात आणि अंगावर पडलेले पाणी तशीच शोषून घेतात. एवढे तर झालेच, पण खरी गोम त्याच्या प्रजननात आहे. मॉसची अंडपेशी कुपीच्या आकाराच्या एका सूक्ष्म अवयवाच्या तळाशी बसलेली असते आणि शुक्रपेशीला दोन शेपट्या असतात. या शुक्रपेशीला परागकणासारखे वाऱ्यावर उडता येत नाही. तिला पोहावे लागते. दोन रोपांमध्ये पाण्याचा सलग पापुद्रा असेल तरच ती पोहोचते, आणि तोही प्रवास बहुधा काही सेंटिमीटरांपलीकडे जात नाही. पावसाचा थेंब आपटून उडालेले शिंतोडे तिला थोडे दूर नेतात. काही जातींत मॉसवर फिरणारे सूक्ष्म कोळ्यांसारखे जीवही तिची ने-आण करतात, असे 2006 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. पण शेवटचा टप्पा पोहूनच गाठायचा असतो. नेच्याचेही असेच आहे. आपण पाहतो ते मोठे, झुबकेदार पानांचे झाड फलनासाठी पाण्यावर अवलंबून नसते; त्याच्या बीजाणूपासून जमिनीलगत एक नखाहून लहान, बहुधा हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो आणि त्याच्या खालच्या बाजूला, ओलाव्यात, शुक्रपेशी पोहत जाते. मॉसच्या गटाला शालेय पुस्तकांत वनस्पती सृष्टीतील ‘उभयचर’ म्हणतात. ते नाव पाठ करण्याऐवजी हे कारण समजून घेतले, तर ते विसरता येणार नाही.

बुरशीची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिला तोंड किंवा पोट नसते. ती पाचकरस बाहेर अन्नावर सोडते आणि विरघळलेले अन्न धाग्यांतून शोषते. हे सारे पाण्याच्या थराशिवाय होत नाही, आणि म्हणूनच वाळवलेले किंवा भरपूर मीठ-साखर घातलेले पदार्थ टिकतात. तेथे पाणी असले तरी ते बुरशीच्या हाती लागत नाही.

या सगळ्यावरून आपली मुलगी असे समजेल की ओलावा गेला की असे जीव संपलेच. काहींच्या बाबतीत तसे नसते. गोगलगाय कोरड्या दिवसांत शंखाच्या तोंडावर स्रावाचा पडदा धरते आणि आत स्वस्थ पडून राहते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 1846 मध्ये इजिप्तच्या वाळवंटातील एका गोगलगायीचा शंख रिकामा समजून पुठ्ठ्यावर चिकटवला गेला होता. 1850 मध्ये पुठ्ठ्यावर स्रावाचे डाग दिसले, शंख कोमट पाण्यात ठेवला, आणि ती गोगलगाय बाहेर येऊन चालू लागली. सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्म जीव पाहणारे डच निरीक्षक लेव्हेनहुक यांनी 1702 मध्ये घराच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळावर पाणी घालून सूक्ष्म जीव पुन्हा हालचाल करताना पाहिले होते, तर टार्डिग्रेड नावाचे मॉसमध्ये राहणारे आठ पायांचे जीव शरीरातील जवळपास सगळे पाणी सोडून गोळा होतात आणि पाणी मिळताच पुन्हा चालू लागतात. पण हे जीव कोरड्यात थांबतात. खाणे, वाढणे आणि पिल्ले होणे पुन्हा ओलावा आल्यावरच होते. गांडुळांच्या काही जातीही कोरड्या दिवसांत खोल मातीत स्रावाने लिंपलेल्या लहानशा कोठडीत अंगाची गाठ करून पडून राहतात. आपल्या बरणीतील गांडुळांना मात्र तशी तयारी करायला अवधी नव्हता आणि खोलीही नव्हती.

आता दुसरा प्रश्न. गांडुळे पुन्हा ठेवू द्यावीत, असे माझे मत आहे. पण सात नव्हे, दोन किंवा तीन, आणि चार-पाच दिवसांपुरतीच. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटांच्या फटीतून एखादा थेंब यावा, इतकीच ओली असावी. तिच्यातून पाणी गळू लागले तर ती जास्त ओली झाली आहे. माती सैल भरावी, कारण मातीच्या कणांमधील पोकळ्यांतील हवाच गांडुळाच्या उपयोगी पडते. वर कुजलेल्या पाल्याचा थर आणि तोंडाला जाळीऐवजी ओलसर सुती कापड बांधावे. बरणीभोवती काळा कागद गुंडाळून ती घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी आणि पाहताना तेवढा कागद काढावा. गांडुळाला उजेड नकोच असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माती सगळीकडे सारखी ओली करण्याचा आग्रह धरू नये. बरणीचा एक भाग किंचित अधिक ओला आणि दुसरा कमी ओला असू द्यावा, म्हणजे किती ओलावा पुरेसा आहे हे आपण ठरवण्याऐवजी गांडूळच ठरवील. आपल्या दोन्ही प्रयत्नांत त्यांना निवडीला जागा नव्हती. मला वाटते, खरी चूक तेथे झाली.

शाळेच्या प्रकल्पासाठी मात्र मी याहून निराळे सुचवेन. दगड किंवा लाकडाचा ओंडका उचलला की खाली राखाडी रंगाचे, चौदा पायांचे, खापऱ्यांची पाठ असलेले लहान जीव पळताना दिसतात. काही जातींतील तर हात लागताच गोळी होतात. हे कीटक नव्हेत, खेकड्याच्या वर्गातले आहेत, आणि त्यांच्या अंगावर कीटकांसारखा पाणी अडवणारा मेणचट थर नसतो. एका पसरट डब्याच्या अर्ध्या भागात ओला व अर्ध्या भागात कोरडा टिपकागद घालून मधोमध दहा जीव सोडावेत, डबा झाकावा, आणि दर दोन मिनिटांनी कोणत्या बाजूला किती आहेत ते मोजावे. कोरड्या बाजूला ते भराभर धावतात आणि वारंवार वळतात, ओल्या बाजूला पोहोचले की मंदावतात आणि थांबतात. त्यामुळे ओलावा कोठे आहे हे दुरून कळत नसतानाही थोड्या वेळात बहुतेक सगळे ओल्या बाजूला गोळा होतात. प्रयोग अर्ध्या तासात होतो, एकही जीव मरत नाही, आणि मुलीला वहीत लिहायला खरे आकडे मिळतात.

ती स्वतःला दोष देत असेल तर तिला गप्प करू नका. वहीत दोन्ही अपघात तारखेसह लिहू द्या: बरणी कोठे होती, किती वाजता पाहिली, पाणी किती होते. ही नोंद तिने रडतारडता जे विचारले त्याचेच उत्तर आहे.

आणि दिवस भरले की गांडुळे सोडायची ती सूर्य मावळल्यावर, सावलीतल्या ओलसर जमिनीवर. उचलताना बोटे आधी साध्या पाण्याने धुऊन ओलीच ठेवावीत, कारण घामातील मीठ त्या उघड्या कातडीला झोंबते. जमिनीवर ठेवून वर मूठभर ओला पाला टाकावा आणि ती मातीत शिरेपर्यंत तेथेच बसावे. माती भुसभुशीत असेल तर याला काही मिनिटे पुरतात.